काचेच्या पेटीतली क्लेमन्स

एलरफेन, लिंकनशायर
२५ एप्रिल १९३५

प्रिय क्रिस्पिन,

नाताळात तुला लिहिलेल्या पत्रात माझी एक चूक झाली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की सिस्टर क्लेमन्स मठाच्या उत्तरेकडच्या भिंतीत उभी चिणलेली सापडली. काल मी ती भिंत मोजली. बाबांनी फोडलेल्या कोनाड्यापाशी ती सव्वा फूट जाड आहे. दोन्ही बाजूंचे दगड वजा केले तर आत पाच इंच उरतात. पाच इंचांत मांजर चिणता येईल, बाई नाही.

आणखी एक. ती भिंत मठाची नाहीच. दगड मठाचे आहेत, पण तळाच्या ओळीतला एक कोरीव दगड उलटा बसवलाय. त्यावरच्या देवदूताचं डोकं खाली आहे आणि पाय वर. मठ बांधणाऱ्यांनी देवदूताला असं टांगलं नसतं. मठ पडल्यावर अडीचशे वर्षांनी कुणा शेतकऱ्यानं गोठ्यासाठी ती भिंत घातली असणार. म्हणजे गेली अकरा वर्षं मी लोकांना गोठ्याची भिंत दाखवत आले, आणि लोक टोप्या काढून तिच्यासमोर उभे राहत आले.

आताच मोजायची बुद्धी का झाली, असं तू विचारशील. ईस्टरच्या सोमवारी लाऊथहून सहलीची मोटार आली. अठ्ठावीस माणसं. मी नेहमीसारखी हाडांच्या काचेच्या पेटीजवळ छडी घेऊन उभी राहिले आणि नेहमीचं सगळं सांगितलं. इथे बायकांचा आणि पुरुषांचा असे दोन मठ एकाच आवारात होते. चर्चच्या मधोमध भिंत होती. पुरुषांचं जेवण बायकांच्या स्वयंपाकघरातून एका फिरत्या खिडकीतून जायचं, देणारीचा हात दिसत नसे की घेणाऱ्याचं तोंड. त्या खिडकीतून क्लेमन्सचं एका तरुण पाद्र्याशी जमलं, तिला दिवस गेले आणि १५३६ च्या हिवाळ्यात तिला जिवंत चिणलं. मग मी छडी जबड्यावर नेली. “वेदनेनं तिनं दगड चावला. दातांमधलं हे गोल भोक पाहा.”

या ठिकाणी बायका नेहमी तोंडावर हात ठेवतात. या वेळी पुढच्या रांगेतला एक जाडा गृहस्थ हसला. त्याच्या हातात आमच्या चहाघरातलं ननच्या आकाराचं आल्याचं बिस्किट होतं आणि तिचं डोकं त्यानं आधीच खाल्लं होतं.

“मिस, या बाई कुठला तंबाखू ओढायच्या?”

“काय म्हणालात?”

“तीस वर्षं दात उपटतोय मी लाऊथमध्ये. मातीचा पाइप दातांत धरून धरून असं भोक पडतं. आमच्या आजोबांना अस्संच होतं. आजी म्हणायची, हे तोंड मिटून शिट्टी वाजवतात.”

“ननला पाइप दिला कुणी?” मागून एकजण ओरडला. “त्याच पाद्र्यानं का? खिडकीतून?”

सगळे हसले. मीही हसले, क्रिस्पिन. ते मला सगळ्यात जास्त लागलं. १५३६ साली इंग्लंडात तंबाखू आलेला नव्हता, हे बाबांनीच मला आठव्या वर्षी शिकवलं होतं.

ती बिस्किटं मीच भाजते, हे तुला माहीत नसेल. डोळ्यांना बेदाणे लावते. परवापासून ते न पाहताच लावते.

१९२४ च्या ऑक्टोबरात ती सापडली तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास आणि बाबांच्या बरोबर होतास. मी बारा वर्षांची होते आणि तापानं अंथरुणावर होते, त्यामुळे मला त्यातलं काही माहीत नाही. महिन्याभरानं तू जेवणाच्या टेबलावर बाबांना खोटारडा म्हणालास आणि हल बंदराला निघून गेलास. का म्हणालास ते सांगितलं नाहीस. मी तुला रागाचं पत्र लिहिलं. तीही माझी चूक असू शकेल.

मला एवढंच कळव. ती कुठे सापडली?

तुझी बहीण,
ॲव्हरिल


२ मे १९३५

प्रिय क्रिस्पिन,

तुझं उत्तर नाही. मासळीच्या धक्क्यावर या दिवसांत काम फार असतं असं मी धरून चालते.

मंगळवारी मी लिंकनला जाऊन आले. बाबांना सांगितलं की दातांच्या डॉक्टरकडे जातेय, आणि हे खोटं आहे म्हणून इथे नोंदवते. राजाच्या हुकमानं मठ बंद झाल्यावर ननांना जे निवृत्तिवेतन लावून दिलं त्याच्या याद्या तिथे आहेत. १५३९ च्या यादीत एलरफेनच्या सोळा जणी आहेत. अकरावी क्लेमन्स. १५५६ च्या यादीत सात उरल्यात. त्यांतली तिसरी क्लेमन्स, राहणार आपल्या लिंकनशायरमधलं बॉस्टन, बहिणीच्या घरी.

म्हणजे जिला आम्ही भिंतीत मारली ती बाई वीस वर्षं बहिणीच्या चुलीपाशी बसून म्हातारी झाली. तिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? बाबांना यादीत एक गोड नाव दिसलं, एवढाच तिचा गुन्हा.

काल सकाळी मी बाबांना विचारलं. ते उकडलेलं अंडं खात होते.

“ती दुसरी क्लेमन्स,” ते म्हणाले.

“सोळा बायकांत दोन?”

“त्या काळी घरोघरी क्लेमन्स असत.”

“मग एकीचं नाव पहिल्या यादीतून कसं गळलं?”

“तिला चिणलं होतं ना, ॲव्हरिल. मेलेल्यांची नावं कशी येतील? जरा डोकं चालव.”

त्यांच्या दाढीत अंड्याचा बलक लागला होता. मी एरवी पुसला असता. काल तिथेच राहू दिला आणि दिवसभर तो पिवळा ठिपका घरभर फिरत राहिला.

तुला आठवतं, ते आपल्याला वहीत तीन रकाने आखायला लावायचे? पाहिलं, ऐकलं, वाटलं. चिमणीचं घरटं असो की चर्चमधलं थडगं, प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी रकान्यात गेलीच पाहिजे. मी ‘वाटलं’मधलं ‘पाहिलं’मध्ये लिहिलं की दुपारचं जेवण बंद. मला शाळेत पाठवलं नाही कारण शाळेत ऐकीव गोष्टी शिकवतात, असं ते म्हणत. त्या माणसाच्या तोंडून मी काल हे ऐकलं.

मठाचा खरा इतिहास मी आता नव्यानं लिहून काढतेय. त्यात प्रेमप्रकरण एकही नाही. मठ बंद करणाऱ्यांनी छपराचं शिसं उतरवलं आणि ते वितळवायला ननांची प्रार्थनेची बाकं जाळली. दगड गाड्या भरभरून गेले. एका प्रमुखाची दगडी शवपेटी शेजारच्या शेतावर गेली आणि आजही तिच्यातून डुकरं खातात. मी लहानपणापासून ते पाहतेय. काल पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोक्याच्या जागी जो गोल खळगा असतो ना, डुकरीण नेमकं तिथे तोंड घालते, कारण तिथे शिजवलेल्या बटाट्याचा गाळ साचतो.

या गावानं चारशे वर्षं हा मठ खाल्ला. आता दगड संपले, म्हणून आम्ही माणसं काढलीत.

ॲव्हरिल


११ मे १९३५

प्रिय क्रिस्पिन,

आता उत्तर दिलंच पाहिजेस. सगळं सांगते, म्हणजे का ते कळेल.

काल शुक्रवार होता. गेडनीबाई दर शुक्रवारी पेटीची काच व्हिनेगरनं पुसायला येतात. आता पासष्टीला आल्यात, गुडघे दुखतात, पण येतात. आई गेल्यावर आपल्या दोघांना त्यांनीच अंघोळी घातल्या, म्हणून मला अजून ‘पोरी’ म्हणतात आणि मी काही बोलत नाही. राजाच्या रौप्यमहोत्सवाच्या पताका अजून कमानीवर लोंबत होत्या, पावसानं त्यांचा रंग दगडांवर उतरला होता. काचेवर आदल्या दिवशीच्या मुलांच्या बोटांचा जॅम होता.

“या पोरांचे आईबाप त्यांना चाटून स्वच्छ करतात वाटतं,” त्या म्हणाल्या. “आणि तू काय तिच्या तोंडात डोकावतेस? काही मागतेय का ती?”

मी त्यांना दातवाल्या डॉक्टरची गंमत सांगितली. मला वाटलं, हसतील. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

“आमची आजी ओढायची,” त्या म्हणाल्या. “केझिया. माझ्या आईची आई. बटाट्याच्या शेतात पाऊस आला की पाइप उलटा धरायची, वाटी खाली, म्हणजे विझत नाही. बाई माणूस पाइप ओढते म्हणून चर्चचे व्हिकर रागवायचे. ती म्हणायची, तुम्ही माझे बटाटे काढा, मी ओढणं सोडते.”

मग त्यांनी चष्मा पुसला आणि आत वाकून पाहिलं. अकरा वर्षं त्यांनी ती काच पुसली आहे आणि आत कधी पाहिलं नाही. मेलेल्या बाईकडे टक लावून पाहणं बरं नाही, असं म्हणतात.

“हा हात असा का आहे?”

डावा हात कोपराच्या खाली मोडून वाकडा सांधलेला आहे, तो तुला आठवत असेल. ओढून नेताना पाद्र्यांनी पिरगळला, असं आम्ही सांगतो. खरं तर हाड पूर्ण जुळलेलं आहे. मरायच्या कितीतरी वर्षं आधीचं ते मोडणं आहे, आणि हे कुठल्याही खाटकाला कळेल.

“गाईनं लाथ मारली होती,” गेडनीबाई म्हणाल्या. “घोड्याच्या वैद्यानं बांधला. वाकडाच बसला. त्या हाताच्या बेचक्यात ती मला बसवायची. म्हणायची, बघ, देवानं तुझ्यासाठी खुर्ची केलीय.”

त्या रडल्या नाहीत. काचेवर हात सपाट ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांनी नुकतीच पुसलेली काच त्यांच्याच हातानं धुरकटली.

केझिया १८८० मध्ये वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना राबवून घेणाऱ्या सरकारी आश्रयघरात, मेली. गरिबांना पुरायच्या तिथल्या वावरात तिला पुरलं, वर लाकडी खुंटीवर नंबर. १९२४ मध्ये त्या वावरातून गटाराचा चर खणला, तेव्हा गावाला सांगण्यात आलं की सगळी हाडं सन्मानानं चर्चच्या आवारात हलवली. तिथे एक उंचवटा आहे. गेडनीबाई दर ईस्टरला त्यावर पिवळी फुलं ठेवतात.

मी म्हणाले, “वाकडे हात पुष्कळांचे असतात. पाइप ओढणाऱ्या बायकाही या भागात पुष्कळ होत्या. आपल्याला खात्रीनं म्हणता येणार नाही.”

“असतील पुष्कळ,” त्या म्हणाल्या. “दोन्ही एकाच बाईत किती असतील? तू मोजण्यात हुशार आहेस, मोज.” आणि थोड्या वेळानं, “पोरी, मला दुसरं काही नको. माझ्या आईशेजारी जागा आहे. तिला तिथे तिच्या नावानं माती मिळू दे. एकदा नंबर दिला, एकदा नन केली. आता पुरे.”

हे आता घाईचं झालंय. बाबांनी पेटी स्केगनेसच्या समुद्रकाठच्या एका करमणुकीच्या मंडपाला सप्टेंबरपर्यंत द्यायचं कबूल केलंय. बाटलीतलं दोन डोक्यांचं वासरू आणि हात पाहणारी बाई यांच्या मधली जागा ठरली आहे. ३ जूनला सोमवारी लॉरी येणार. तिथून परत येईल की आणखी पुढच्या गावाला विकली जाईल, कोण जाणे.

तू त्यांच्याबरोबर होतास. ती कुठून आली ते लिही आणि खाली सही कर. तेवढं पुरेल.

ॲव्हरिल


१८ मे १९३५

क्रिस्पिन,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणवत नाही. तीन ओळी. “मी काही पाहिलं नाही. म्हाताऱ्याला सुखानं मरू दे. हाडांना काही कळत नसतं.”

मी ते घेऊन सरळ बाबांकडे गेले. ते अभ्यासिकेत स्केगनेससाठी नवी पाटी रंगवत होते. मजकूर तुला सांगत नाही. त्यात ‘जिवंत’ हा शब्द तीनदा आहे.

मी विचारलं, “बाबा, ही केझिया आहे का? वर्कहाऊसमधली?”

त्यांनी कुंचला धुतला. मला वाटलं होतं ते ओरडतील.

“नाव मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “चराच्या कडेला पोती भरून ठेवली होती. एक पोतं आणलं. क्रिस्पिननं सायकलवर आणलं, मी मागून चालत होतो. तुला हवंय तरी काय?”

“तुम्ही मेलेली बाई चोरलीत.”

“मी तिला वाचवलं! बाकीची पोती कुठे गेली माहितेय? चर्चच्या आवारात दोन गेली. उरलेली कंत्राटदारानं गटाराच्या भरावात टाकली. तुझी ही बाई आज तिथे असती, अख्ख्या गावाची घाण डोक्यावर घेऊन. इथे लोक तिला पाहून रडतात. वर्कहाऊसच्या म्हातारीसाठी कोण रडतं?”

“गेडनीबाई.”

“गेडनीबाई कशाहीसाठी रडतात.”

“त्या रडल्या नाहीत.”

मग ते अगदी हळू आवाजात, लहानपणी लॅटिन चुकलं की बोलायचे तसे, म्हणाले, “ॲव्हरिल, मी वीस वर्षं या मठावर लिहिलं. भिंतींची मापं, शिशाची वजनं, याद्या. एक माणूस वाचायला आला नाही. एक बाई भिंतीत घातली आणि मोटारी भरून आले. मी काय करायला हवं होतं?”

मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी किळसही आली. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

आता तुझ्याबद्दल. तू सायकल चालवलीस. पोतं तुझ्या पाठीला घासत आलं असेल. तू बाबांना खोटारडा म्हणून दार आपटलंस आणि हात धुऊन मोकळा झालास. मी मात्र इथे राहिले, तुझ्या त्या पोत्यापुढे छडी घेऊन. गावाला वाटतं तू वाया गेलास. मला अकरा वर्षं वाटायचं, तू एकटाच खरा निघालास. दोन्ही चूक. तू फक्त लांब राहतोस.

गेडनीबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “क्रिस्पिन लहानपणीही असाच. दूध सांडायचा आणि मग मांजराला शोधायला जायचा.”

ॲव्हरिल


२४ मे १९३५

क्रिस्पिन,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले.

सोमवारी मी व्हिकर पॅशलींकडे गेले. ते मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “बेवारस म्हणून पुरायचं असेल तर तुमच्या वडिलांशी भांडून उद्या पुरतो. पण रजिस्टरमध्ये नाव लिहायचं म्हणजे मला कुणाची तरी सही हवी. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहून देणाऱ्याची.”

“गेडनीबाई हात ओळखतात. दातही.”

“ते धरलं. पण पेटीतली हाडं वर्कहाऊसच्या जमिनीतली आहेत, हे कोण सांगेल? तुमचे वडील?”

“नाही सांगणार. लिहून तर मुळीच देणार नाहीत.”

“भाऊ?”

“नाही.”

“मग दुसरं कोणी होतं तिथे?”

मी म्हणाले, नव्हतं. घरी आले. आणि तेव्हापासून नीट जेवलेले नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तेव्हा मी तापानं पडले होते. ताप पुढच्या आठवड्यात आला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. तू पोतं ओतून बाहेर निघून गेलास. बाबांनी मला एप्रन बांधला आणि म्हणाले, ॲव्हरिल, तुझे हात लहान आहेत, तू नीट धुशील.

मी धुतली. सोड्याच्या पाण्यात, मोरीच्या त्या लांब शिळेवर. ती शिळा मठाच्या वेदीची आहे, तिच्यावर पाच क्रूस कोरलेले आहेत, हे तेव्हाही मला माहीत होतं. कवटीतून माती निघायला वेळ लागला. मी चमच्याच्या दांड्यानं काढली. मातीत चुना नव्हता. काळी माती होती आणि कोळशाची राख. भिंतीतून काढलेल्या बाईवर चुन्याचा एक कण तरी असायला हवा, एवढं बारा वर्षांच्या मुलीलाही कळतं. मला तर नक्कीच कळत होतं, मला शिकवलंच तसं होतं.

बरगड्यांमध्ये एक पत्र्याचं बटण अडकलं होतं. घासल्यावर अक्षरं दिसली. एलरफेन युनियन, वर्कहाऊस. मी ते बाबांना दाखवलं. ते म्हणाले, चुलीत टाक. पत्रा जळत नाही, म्हणून मी टाकलं नाही. खिशात घातलं. संध्याकाळी आईच्या बटणांच्या डब्यात टाकलं.

ते अजून तिथेच आहे. अकरा वर्षं मी त्या डब्यातून बटणं शोधतेय, बाबांच्या शर्टांची, माझ्या कोटांची, आणि माझं बोट दर वेळी त्या बटणाला लागतं आणि बाजूला होतं. त्याचा गारवा मला न पाहता कळतो. मला माहीत नव्हतं असं मी तुला लिहिलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी गेडनीबाईंसमोर उभी राहून ‘खात्रीनं म्हणता येणार नाही’ म्हणाले, आणि बटण वीस पावलांवर होतं.

तुला मागच्या पत्रात जे जे लिहिलं ते परत घेत नाही. फक्त त्यात माझंही नाव घाल.

काल गेडनीबाईंना सांगितलं. त्या वाटाणे सोलत होत्या. सोलायचं थांबल्या नाहीत.

“तू धुतलीस तिला?”

“हो.”

“गरम पाण्यानं?”

“कोमट.”

त्यांनी पुढची शेंग उघडली. म्हणाल्या, “वर्कहाऊसमध्ये कुणी धुतलं नसेल.” आणि आणखी चार शेंगा सोलून झाल्यावर, “म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. अकरा वर्षं मला काच पुसू दिलीस. जा, व्हिकरांना बटण दे.”

दिलं. पाहिलं तेवढंच लिहून सही केली. पॅशली म्हणाले, ही सही वाचून लोक तुमच्याशी बोलणार नाहीत. मी म्हणाले, बरं.

ॲव्हरिल


२८ मे १९३५

क्रिस्पिन,

रजिस्टरमध्ये नाव लिहायचं ठरलं. गेडनीबाईंच्या आईशेजारी खड्डा शुक्रवारी खणतील. गावच्या सुतारानं एक लांबट पेटी केली आहे, साधी, एल्मच्या लाकडाची. केझियाच्या मापाची म्हणून त्यानं मला तिची उंची विचारली, आणि ती मला तोंडपाठ होती. पाच फूट एक इंच. रोज सांगते ना.

पेटीची किल्ली बाबांच्या घड्याळाच्या साखळीला असते. कुलूप फोडायला पॅशलींचा नकार आहे आणि माझाही. चोरून आणलेली बाई चोरून न्यायची नाही. पण शनिवारी बॉस्टनच्या इतिहास मंडळाचे चाळीस लोक येताहेत. मंडळींना हाडं जवळून पाहता यावीत म्हणून बाबा त्या दिवशी स्वतःच्या हातानं काच उघडतात. दर वर्षी उघडतात. छडी माझ्या हातात असते.

मी काय करणार ते बाबांना सांगून टाकलं. न सांगता करणं मला जमलं नसतं. उघड्या काचेपाशी मी चाळीस लोकांना तिचं नाव सांगणार, ती कुठून आली ते सांगणार, ती कुणी धुतली ते सांगणार. बटण हातोहात फिरवणार. मग मी आणि गेडनीबाई तिला लाकडी पेटीत ठेवून चर्चला नेणार. पॅशली फाटकाशी उभे असतील. लोकांना यायचं तर येतील.

बाबांनी शांतपणे ऐकलं. काच तेव्हा उघडणारच नाही, असं म्हणतील अशी मला धास्ती होती. ते हसले.

“तू बोलणार नाहीस,” ते म्हणाले. “ऐनवेळी तुझ्या तोंडून क्लेमन्सच निघेल. बाराव्या वर्षापासून तेच निघतंय. मी तुला शिकवलंय, ॲव्हरिल, मला ठाऊक आहे.”

ते म्हणतात ते खोटं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. काल मी डुकरांसमोर उभी राहून बोलून पाहिलं. “ही केझिया” म्हणायला तोंड उघडलं आणि “१५३६ च्या हिवाळ्यात” बाहेर आलं. पुन्हा बोलले. सातव्या वेळी बरोबर आलं. आठव्या वेळी पुन्हा चुकलं. आज बावीस वेळा म्हटलं. बिस्किटं भाजायची बंद केली आहेत. चहाघरात विचारतात, नन संपल्या का? मी हो म्हणते.

तू ये असं मी म्हणत नाही. तू आलास तर पोत्याबद्दल तुला बोलावं लागेल, आणि नाही आलास तर मी तुझं नाव घेऊनच बोलेन. दोन्हींपैकी काय सोपं, ते तू ठरव. हलची पहिली गाडी वेळेत पोचते, मी पाहून ठेवलंय.

ॲव्हरिल

ता. क. वेळ लिहायची राहिली. शनिवार, १ जून १९३५, सकाळी अकरा वाजता.